१४ वर्षांखालच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ: मुली किती घ्यायच्या, पिचर किती हव्यात?

कुळागर

नमस्कार मंडळी. सॉफ्टबॉल खेळलेले, शिकवणारे किंवा ज्यांच्या मुली खेळतात असे कुणी इथे असतील तर कृपया सविस्तर लिहा. मला चतुर्थीनंतर यादी पक्की करायची आहे.

मी फोंडा तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर साडेचार ते सहा मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. मैदान म्हणजे देवळामागचा माळ. चिऱ्याची जमीन, त्यामुळे उन्हाळ्यात गुडघे सोलवटतात आणि पावसात शेवाळावर पाय ठरत नाही. तरी रोज २२ मुली येतात. आपल्याकडे फुटबॉल सोडून मुली दुसऱ्या मैदानी खेळाला इतक्या नेमाने येतात याचा मला फार आनंद आहे.

प्रश्न असा की संघात १२ घेऊ की १६? मैदानावर एका वेळी ९ उतरतात. बाकीच्यांचं काय करायचं हे दरवर्षी मला छळतं.

दुसरा प्रश्न पिचरचा, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्या मुलीचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्यामुळेच हा धागा काढलाय. गेल्या वर्षी माझ्याकडे नीट पिचिंग करणारी एकच मुलगी होती, तेरा वर्षांची. दोन दिवसांची स्पर्धा, चार सामने, प्रत्येकी ५ इनिंगचे. म्हणजे एकूण २० इनिंग. त्यातल्या १८ तिने टाकल्या. शेवटच्या सामन्यात तिसऱ्या इनिंगपासून ती प्रत्येक पिचनंतर, म्हणजे प्रत्येक बॉल टाकल्यावर, डावा हात उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दाबून धरायची. मला ते दिसत होतं. आम्ही ४-३ ने पुढे होतो आणि मी तिला ठेवलं. परतताना बसमध्ये तिने पाण्याची बाटली शेजारच्या मुलीकडे दिली, "उघडून दे गो," म्हणाली. तिला झाकण फिरवता येत नव्हतं. पुढे सहा आठवडे तिने बॉल हातात घेतला नाही.

सामना जिंकलो होतो. त्याबद्दल घरी आल्यावर मी कुणाशी बोललोसुद्धा नाही.

यंदा असं होऊ द्यायचं नाही. म्हणून मनात आलं की १६ मुली घ्याव्यात, म्हणजे पिचरही जास्त मिळतील. बरोबर आहे का हे?

जांभा

कुळागर सर, मी शाळेपासून विद्यापीठापर्यंत कॅचर होतो, बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल झेलणारा. आता म्हापशाला असतो. तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

मुली वाढवल्या म्हणून पिचर वाढत नाहीत. १६ घेतल्यात आणि त्यातली एकच पिचिंग करणारी असली तर तुम्ही पुन्हा गेल्या वर्षाच्याच जागी. उलट १२ घेतल्यात आणि त्यातल्या पाच जणींना पिचिंग येत असलं तर तुम्ही निश्चिंत. पिचर हा वेगळा माणूस नसतो, ते एक काम असतं. तुमची शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डर) पिचर असू शकते, फर्स्ट बेसवाली असू शकते, सेंटर फिल्डवाली असू शकते.

पिचरला सर्कलमधून, म्हणजे बॉल टाकायच्या जागेवरून, काढलं म्हणजे ती सामन्याबाहेर गेली असंही नाही. तिला फर्स्ट बेसला पाठवा, तिथली मुलगी पिचिंगला आणा. दोघी मैदानातच असतात, बॅटिंगचा क्रम तसाच राहतो, आणि पुढे गरज पडली तर पहिली परत सर्कलमध्ये येऊ शकते. बाकावरची एकही जागा खर्च होत नाही.

म्हणून आधी पिचर मोजा, मग मुली मोजा. माझा हिशेब असा: दोघी ज्यांच्याकडे तुम्ही सामना सुरू करायला बॉल देऊ शकता, एक मधल्या एक-दोन इनिंग काढणारी, आणि एक शिकाऊ. चौघी झाल्या. कॅचर दोन, हे विसरू नका. आपल्या उकाड्यात मास्क, चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड घालून एकच मुलगी दिवसात दोन सामने बसून काढते तेव्हा तिचे हाल पिचरपेक्षा कमी नसतात. फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मांडवीकाठी

माझं मत थोडं वेगळं आहे. मी सात वर्षं मुला-मुलींचे संघ घेऊन फिरलो. १२ च्या वर एकही नाव नको.

कुळागर सर, तुमच्याच स्पर्धेचा आकडा घेऊ. चार सामने, २० इनिंग, प्रत्येक इनिंगला ९ जागा. १८० जागा झाल्या. १२ मुली असतील तर सरासरी प्रत्येकीच्या वाट्याला १५ इनिंग. १६ असतील तर ११ च्या आसपास. कागदावर हा फरक मोठा वाटत नाही. पण सरासरीप्रमाणे कुणीच खेळवत नाही. तुमच्या पहिल्या सात मुली सगळ्याच्या सगळ्या २० इनिंग खेळणार. तिथे १४० जागा गेल्या. उरल्या ४०. संघ १२ चा असेल तर त्या पाच जणींत वाटायच्या, प्रत्येकीला ८. संघ १६ चा असेल तर नऊ जणींत, म्हणजे चारच्या थोडं वर. दोन दिवसांत चार इनिंग! त्यासाठी ती मुलगी पहाटे पाचला उठून बस पकडते.

अशा मुली पुढच्या वर्षी येत नाहीत. मी हे तीनदा पाहिलं आहे. चांगला हात असलेली, नुसती उंचीला कमी म्हणून मागे राहिलेली मुलगी बाकावर बसून कंटाळते आणि सोडून जाते. दोन वर्षांनी तीच तुमची सर्वांत मोठी खेळाडू झाली असती.

सुरंगी

मांडवीकाठी दादांनी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. मी इथे एरवी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर लिहिते.

माझी मुलगी अशाच एका संघात १६ पैकी पंधरावी होती. तीन दिवसांची स्पर्धा होती. ती एकदा बॅटिंगला गेली. उरलेला वेळ बाटल्या भरणं, हेल्मेटं गोळा करणं. तक्रार केली नाही तिने. घरी आल्यावर युनिफॉर्म काढला तर पँटवर मातीचा एक डागसुद्धा नव्हता. तो मी न धुताच घडी करून ठेवला. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पण मला हेही लिहायचंय की १२ हा आकडा मुलींच्या बाबतीत धोक्याचा आहे. पुरुष शिक्षकांच्या लक्षात येत नाही, किंवा येतं पण बोलत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत ह्या. कुणाची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, तारखांचा नेम नसतो, पहिल्या दिवशी पोटात इतकं दुखतं की उभं राहवत नाही. सामन्याच्या सकाळी एक मुलगी कमी होणं हे ठरलेलंच समजा. त्यात कुणाला ताप, कुणाच्या घरी सुतक, कुणाची ट्यूशनची परीक्षा. बारातल्या दोघी अशा गेल्या, एकीचा घोटा मुरगळला, की तुमच्याकडे बरोबर नऊ. पुढची पडली तर सामना सोडून द्यावा लागणार ना?

आणि सर, तुमच्या त्या पिचर मुलीच्या आईशी नंतर तुम्ही बोललात का? आगाऊपणा वाटला तर माफ करा.

कुळागर

सुरंगीताई, आगाऊपणा कसला. बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला होता. मी घरी गेलो. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "सर, ती तुम्हाला कधीच नाही म्हणणार नाही. तुम्हीच बघायला हवं होतं." ते मला पटलं. तेव्हापासून मी वहीत पिच मोजायला लागलोय.

पाळीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याबरोबर एक शिक्षिका येतात. यंदापासून मुली त्यांच्याकडे सांगतील आणि त्या मला फक्त "आज अमकी नाही" एवढंच कळवतील असं ठरवतो.

आबोली

मी मडगावला फिजिओथेरपिस्ट आहे. सॉफ्टबॉलच्या मुली माझ्याकडे थोड्याच येतात, पण येतात तेव्हा बहुतेक पिचरच असतात.

एक समज इथेच खोडून काढते. "सॉफ्टबॉलमध्ये हात खालून येतो, तो नैसर्गिक झोका आहे, त्यामुळे कितीही पिच टाकल्या तरी काही होत नाही." हे चुकीचं आहे. विंडमिलमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉलच्या पिचिंगमध्ये, हात पूर्ण गोल फिरून खाली येतो आणि बॉल सुटायच्या क्षणी हात खांद्यातून उपटून निघावा इतकी ओढ बसते. ती ओढ धरून ठेवायचं काम दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेपवर आणि त्याच्या खांद्याकडच्या कंडरेवर (टेंडनवर) येतं. कुळागर सर, तुमची मुलगी खांद्याच्या पुढच्या बाजूला हात दाबत होती ना? ती हीच जागा. बेसबॉलच्या पिचरांचं दुखणं कोपराकडे जास्त जातं, सॉफ्टबॉलच्यांचं इथे. झाकण फिरवता न येणं हेही त्यातलंच, कारण हात पिळायचं कामही बायसेपच करतो.

बेसबॉलमध्ये लहान मुलांसाठी पिच मोजण्याचे नियम आहेत. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसात ८५ पिचच्या वर टाकता येत नाहीत आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस ठरलेले आहेत. सॉफ्टबॉलमध्ये मात्र त्याच लिटल लीगचा नियम इनिंगवर आहे: दिवसात १२ इनिंगपर्यंत चालतं, आणि ७ किंवा जास्त टाकल्या तर दुसरा दिवस सुट्टी. १२ इनिंग ही माझ्या दृष्टीने आपल्या मुलींसाठी फार सैल मर्यादा आहे. तिथल्या मुली आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून पिचिंग करतात. आपल्याकडची मुलगी जुलैत शिकते आणि ऑक्टोबरात सामना टाकते. मी तिला दिवसात ५-६ इनिंगच्या वर जाऊ देणार नाही, आणि सलग दोन दिवस पूर्ण सामना तर नाहीच.

मोजताना सामन्याआधीच्या सरावाच्या पिचही धरा. लोक त्या विसरतात. वॉर्म-अपला ३०, इनिंगच्या सुरुवातीला दरवेळी काही, ह्यांची बेरीज सामन्याच्या पिचच्या निम्म्यापर्यंत जाते.

दुखतं का असं विचारू नका. मुली नाही म्हणतात. बॉल बघा. आधी नेमाने गुडघ्याजवळ जाणारा बॉल वर जायला लागला, पुढचं पाऊल आखूड पडायला लागलं, पिच टाकताना शरीर बाजूला झुकायला लागलं, की ती थकली. तिथे बदला. ती दुखतंय असं सांगेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

खाजन

आबोलीताईंनी मोलाचं लिहिलं. त्याला जोडून एक गोष्ट.

सॉफ्टबॉलच्या जगात "४१३" हा आकडा प्रसिद्ध आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने टाकले, एकूण ४१३ पिच. पहिल्या दिवशी अमेरिकेकडून हरले, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ इनिंग खेळून जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेतलं. ही गोष्ट मुलींना जिद्दीसाठी सांगतात. मीही सांगायचो.

कुळागर सर, तुमच्या मुलीच्या १८ इनिंगचा हिशेब करा. या वयात इनिंगला १७-१८ पिच सहज होतात. म्हणजे दोन दिवसांत ३०० च्या वर. उएनो तेव्हा २६ वर्षांची, जगातल्या सर्वांत वेगवान पिचरांपैकी एक होती. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे.

म्हणून मी आता गोष्टीचा पुढचा भाग सांगतो. टोकियो ऑलिंपिक, २७ जुलै २०२१, पुन्हा जपान विरुद्ध अमेरिका अंतिम सामना. उएनो ३९ वर्षांची. तिनेच सुरुवात केली, पण सहाव्या इनिंगमध्ये तिच्या जागी २० वर्षांची मिउ गोतो आली. गोतोवर दडपण आलं, एक कडक लाइन ड्राइव्ह (सरळ हवेतून जाणारा फटका) सुटला, तो थर्ड बेसच्या मुलीच्या हातावर आपटून उडाला आणि जमिनीला लागायच्या आत शॉर्टस्टॉपने पकडून डबल प्ले केला, म्हणजे एकाच बॉलवर दोघी बाद. सातव्या इनिंगला उएनो परत सर्कलमध्ये आली आणि २-० ने सामना संपवला. त्या संघात १५ खेळाडू होत्या, त्यातल्या तिघी पिचर. तिसरी, यामातो फुजिता, बॅटिंगलाही तितकीच भारी.

१५ मध्ये ३, तेही जगातल्या सर्वोत्तम प्रौढ खेळाडूंमध्ये. लहान मुलींच्या संघात चारपेक्षा कमी असू नयेत असं मला वाटतं.

मांडवीकाठी

सुरंगीताईंचा मुद्दा मान्य. मुलांच्या संघांचा अनुभव जास्त असल्याने माझ्या हिशेबात तो नव्हता. तरी १६ ला माझा विरोध कायम. गाडीचंही बघा. १७ जणांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १४ मुली, सर, शिक्षिका आणि एक पालक, एवढेच मावतात. १६ नेल्या तर दुसरी गाडी आली, आणि तो खर्च शेवटी पालकांवर पडतो.

कुळागर

मी १४ कडे झुकतोय. पहिल्या सात पूर्णवेळ धरल्या तर उरलेल्या सात जणींत ४० इनिंग, म्हणजे प्रत्येकीला सहाला थोड्या कमी. पण मी एवढ्यावर थांबणार नाही. पहिल्या सातांपैकीही प्रत्येकीला दर सामन्यात एक इनिंग बाहेर बसवायचं ठरवलं तर आणखी २८ जागा सुटतात आणि बाकीच्या सात जणींना सरासरी साडेनऊच्या वर इनिंग मिळतात. जमेल का हे नियमात? परत मैदानात येण्याचा नियम मला नीट सांगा कुणीतरी. स्पर्धेच्या गोंधळात मी दरवेळी चुकतो.

आणि मुख्य अडचण: माझ्याकडे दिवसाला दीड तास आहे. चार पिचर तयार कशा करू?

जांभा

आधी नियम. सुरुवातीच्या यादीतली मुलगी बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, पण बॅटिंगच्या क्रमात तिची जी जागा होती त्याच जागी. तिच्याऐवजी आत आलेली बदली मुलगी एकदा बाहेर गेली की त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून बदल्या सुट्या सुट्या करू नका, खर्ची पडतात. बाकावरच्या पाच जणींना एकदम तिसऱ्या इनिंगला उतरवा, दोन इनिंग खेळू द्या, पाचव्याला सुरुवातीच्या मुली परत आणा. कागदावर आधीच जोड्या लावून ठेवा: कुणाच्या जागी कोण. तुमच्या १४ च्या हिशेबात हे चपखल बसतं.

शिवाय डीपी आणि फ्लेक्सचा नियम वापरा. फ्लेक्स म्हणजे फक्त फिल्डिंग करणारी मुलगी, आणि डीपी म्हणजे तिच्या ऐवजी बॅटिंग करणारी. पिचरला फ्लेक्स केलंत तर तिला बॅटिंग आणि बेसवर पळणं नाही, ती इनिंगच्या मध्ये सावलीत बसून पाणी पिते. आणि नऊऐवजी दहा मुली सामन्यात असतात. आपल्याकडे पुष्कळ शिक्षक तो नियम किचकट म्हणून सोडून देतात. एक संध्याकाळ बसून समजून घ्या, फार उपयोगी आहे.

आता पिचर तयार करण्याबद्दल. निवड करू नका. २२ च्या २२ मुलींना तीन आठवडे पिचिंग शिकवा, रोज वीसच मिनिटं. माझे गुरुजी असंच करायचे. सुरुवात मैदानावर नाही, भिंतीसमोर. चिऱ्याचं कुंपण असेल तर उत्तम. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर बाजूने उभं राहायचं, हात कमरेजवळ, आणि फक्त मनगटाने बॉल सोडायचा. हात फिरवायचा नाही. बॉल नको असेल तर जुन्या मोज्यात मोजे कोंबून गोळा करा. पहिले चार दिवस एवढंच. मनगट नीट सुटलं की बॉल पुढे फिरत जातो, ते मुलींना स्वतःला दिसतं.

मग अर्धा फेरा: हात डोक्यावरून सोडून मागून खाली. मग पूर्ण फेरा आणि पाऊल. मग अंतर. पूर्ण अंतरावर घाई करू नका. अमेरिकेतही १२ वर्षांखालच्या मुली ४० फुटांवरून टाकतात आणि मोठ्या ४३ वरून. तुमच्या मुली ३० फुटांवर नीट टाकत नसतील तर ४३ वर त्या फक्त खांद्याने ढकलतील.

तीन आठवड्यांनी परीक्षा घ्या. दोन काठ्या रोवा, काखेच्या आणि गुडघ्याच्या उंचीला दोऱ्या बांधा, प्लेटच्या (बॅटरसमोरच्या पाटीच्या) रुंदीइतकी चौकट. प्रत्येकीला २० पिच. वेग बघू नका. १२ चौकटीतून गेल्या तर ती तुमची पिचर. या वयात बॅटरच्या हातून बॉल लागतो तो जमिनीवरून, सरळ फिल्डरकडे. स्ट्राइक, म्हणजे चौकटीतला बॉल टाकणारी हळू पिचर वॉक देणाऱ्या, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट बेस देणाऱ्या वेगवान पिचरपेक्षा कधीही बरी. आणि वेगवान पिचरच्या मागोमाग हळू पिचर आली की समोरच्या मुलींचा अंदाज चुकतो, बॅट आधीच फिरते. हे मी प्लेटच्या मागे बसून शेकडो वेळा पाहिलंय.

सुरंगी

जांभाभाऊ, एक शंका आहे. नवीन पिचर आली आणि वॉकवर वॉक द्यायला लागली तर? माझ्या मुलीच्या मैत्रिणीला एकदा तिन्ही बेस भरलेले असताना बॉल दिला होता. तिने चार वॉक दिले, चार रन झाले, मागच्या मुली नुसत्या उभ्या. ती रडत बाहेर आली आणि नंतर कधीच पिचिंगला उभी राहिली नाही.

जांभा

सुरंगीताई, ती चूक त्या मुलीची नव्हती. बॉल देणाऱ्याची होती.

नव्या मुलीला अडचणीत कधीच आणायचं नाही. इनिंगच्या सुरुवातीला आणायचं, बेस रिकामे असताना. पहिल्या दिवशीच्या सोप्या सामन्यात आणायचं, शेवटच्या दिवशी नाही. आणि तिला आधी सांगून ठेवायचं, "दुसरी इनिंग तुझी," म्हणजे ती पहिल्या इनिंगला वॉर्म-अप करते, डोकं तयार ठेवते. कॅचर अनुभवी द्यायची. तिने दोन वॉक दिले तर मी कॅचर म्हणून उठून जायचो, बॉल हातात द्यायचो आणि बोलायचो ते खेळाबद्दल नाही. "चतुर्थीला माटोळी कुणी बांधली तुमच्याकडे?" असं काहीतरी. श्वास खाली बसला की हात आपोआप सुटतो.

अडचणीतली इनिंग पहिल्या पिचरला द्यायची. म्हणजे तिच्या इनिंग वाचवून ठेवायच्या त्या अशा वेळेसाठी. बहुतेक जण उलट करतात. सोप्या सामन्यात तिला पूर्ण वापरून संपवतात, आणि अंतिम सामन्यात ती दमलेली असते.

आबोली

जांभाभाऊंचं हे शेवटचं वाक्य प्रत्येक शिक्षकाने लिहून ठेवावं.

कुळागर सर, चौघींच्या इनिंग आधीच मांडून ठेवा. पहिली ७, दुसरी ६, तिसरी ४, चौथी ३. वीस झाल्या. पहिलीच्या सातातल्या दुसऱ्या दिवशी चारपेक्षा जास्त नकोत. आणि गेल्या वर्षी दुखापत झालेली मुलगी यंदा असेल तर तिला पहिलीच्या जागी लगेच ठेवू नका. बरं वाटणं आणि पूर्ण बरं होणं यात फरक असतो.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

जांभाभाऊ, तुम्ही म्हणालात तसंच केलं. देवळाच्या कुंपणाला २२ मुली एका ओळीत, हातात मोज्यांचे गोळे. पहिल्या दिवशी पुजारीकाका बाहेर येऊन बघत राहिले. पाऊस आला की सभामंडपात सरावाची परवानगी त्यांनीच दिली, त्यामुळे एक दिवस वाया गेला नाही.

काल परीक्षा झाली. बारा किंवा त्याहून जास्त पिच चौकटीतून काढणाऱ्या पाच निघाल्या. मला वाटलेल्या त्यातल्या तीनच. एक शॉर्टस्टॉप आहे. आणि एक आहे राइट फिल्डला उभी राहणारी डावखुरी मुलगी, जिला मी गेली दोन वर्षं शेवटच्या फळीत धरत होतो. तिला मी कधी बॉल दिलाच नव्हता. तिने वीसात चौदा काढल्या. शेवटची पिच दोरीला घासून गेली तेव्हा बाकीच्या मुली ओरडल्या आणि ती मागे वळून बघत होती, कुणासाठी ओरडतात म्हणून.

गेल्या वर्षीच्या पिचरने अकरा काढल्या. तिने स्वतःहून येऊन सांगितलं, "सर, मी यंदा शॉर्टस्टॉप खेळू? आणि लागलंच तर एक इनिंग टाकीन." मी हो म्हटलं. तिच्या आईलाही फोन करून कळवलं.

यादी १४ ची केलीय. चार पिचर, पाचवी शिकाऊ, कॅचर दोन. उरलेल्या आठ जणींना मी आणि शिक्षिका स्वतः घरी जाऊन सांगणार आहोत. फळ्यावर नावं लावायची नाहीत. त्यांचा सराव थांबणार नाही, आणि डिसेंबरात आमच्याच माळावर त्यांच्यासाठी शेजारच्या दोन शाळांना बोलावून सामने घेतो. सुरंगीताई, हे तुमच्या त्या डाग नसलेल्या पँटमुळे ठरलं.

एक राहिलं. डावखुऱ्या पिचरचा बॉल कॅचरला वेगळ्या बाजूने येतो, माझ्या दोन्ही कॅचर गडबडतात. काल तीन बॉल थेट मास्कवर आदळले. जांभाभाऊ, एखाद्या शनिवारी येऊ शकाल का?

जांभा

याच शनिवारी येतो. साडेतीनला पोचतो, म्हणजे सरावाआधी दोघी कॅचर आणि ती मुलगी, अशा तिघींबरोबर एक तास मिळेल. माझं जुनं मिट (कॅचरचा हातमोजा) आणतोय, तेही एका कॅचरला देऊन टाकू. त्या डावखुऱ्या मुलीला सांगा, शुक्रवारी पिचिंग नाही, हात मोकळा ठेव.